तीन किलो आठशे छप्पन्न ग्रॅम

प्रति,
मा. अध्यक्ष,
भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरण,
हैदराबाद.



मी सांगलीकडच्या एका तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत गणित शिकवते. वय सत्तेचाळीस, उंची १५८ सेंटिमीटर, वजन ९६ किलो. बाईमाणसाने वय आणि वजन चारचौघांत सांगू नये म्हणतात. पण तुमच्याशी बोलायचं तर आकड्यांतच बोलावं लागेल, कारण माझं प्रकरण तुमच्याकडच्या एका आकड्यापाशी येऊन अडलंय.

वजन किलोमध्ये घ्यायचं आणि मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं. १.५८ चा वर्ग २.४९६४. भागाकार आला ३८.४६. हा माझा बीएमआय. सप्टेंबर २०१९ मध्ये तुमच्या प्राधिकरणाने आरोग्य विम्यातून काय काय वगळता येईल याची एकसारखी यादी ठरवून दिली. तिच्यातलं सहावं कलम लठ्ठपणाचं. वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च हवा असेल तर डॉक्टरांचा सल्ला हवा, उपचार वैद्यकीय शिस्तीत बसणारा हवा, वय अठरा पूर्ण हवं आणि बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त हवा, असं ते सांगतं. बीएमआय ३५ किंवा त्याहून जास्त पण ४० च्या आत असेल, तर आधी साधे उपाय करून थकलेलं असलं पाहिजे आणि जोडीला चारांपैकी एक आजार तीव्र स्वरूपात पाहिजे: लठ्ठपणाने दुबळा झालेला हृदयाचा स्नायू, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, झोपेत श्वास अडण्याचा तीव्र विकार, किंवा आटोक्यात नसलेला टाइप टू मधुमेह.

आता माझी उत्तरपत्रिका. मधुमेह आहे, पण आटोक्यात आहे. गेल्या वेळची साखरेची एचबीएवनसी तपासणी ६.९ आली. ती ६.९ यावी म्हणून मी अकरा वर्षं रोज चार गोळ्या घेते, पहाटे पाचला उठून कालव्याच्या रस्त्याने चालते आणि लग्नाच्या पंगतीत जिलबीवर हात आडवा धरते. त्याचं फळ म्हणून मी अपात्र. झोपेची तपासणी झाली. तासाला २२ वेळा माझा श्वास अडतो किंवा उथळ होतो. तीव्र म्हणवून घ्यायला ३० वेळा अडावा लागतो. हृदय अजून शाबूत आहे. दोन्ही गुडघ्यांची गादी झिजली आहे, रक्तदाबाला दोन गोळ्या लागतात, सोनोग्राफीत यकृतावर चरबी दिसते. या तिन्हींना तुमच्या यादीत जागाच नाही. म्हणजे मी प्रत्येक विषयात काठावर नापास, आणि ग्रेसचे गुण द्यायची सोय नाही.

विमा कंपनीने माझ्या शस्त्रक्रियेची पूर्वमंजुरी नाकारल्याचा निरोप आला त्या दिवशी आमच्याकडे पॉलिसी आणणारा मुलगा घरी आला होता. माझाच जुना विद्यार्थी. चहा घेता घेता अगदी कळकळीने म्हणाला, "बाई, चार किलोचा तर प्रश्न आहे. दोन महिने पथ्यपाणी सोडा, चालणं बंद करा. मग पुन्हा कागद टाकू." तो चुकीचं सांगत नव्हता. ४० गुणिले २.४९६४ म्हणजे ९९.८५६. त्यातून ९६ वजा केले की उरतात तीन किलो आठशे छप्पन्न ग्रॅम. एवढी जाड झाले, तर मी पुरेशी जाड.

दुसरीकडे माझे सर्जन सांगतात की ऑपरेशनआधी दोन आठवडे जवळजवळ पातळ आहारावर राहायचं, म्हणजे यकृत आकसतं आणि दुर्बिणीला वाट मिळते. एक कागद म्हणतो वाढवा, दुसरा म्हणतो उतरवा. पाण्याच्या टाकीला दोन नळ, एक भरणारा, एक रिकामी करणारा, हे गणित मी आठवीच्या वर्गाला कितीतरी वेळा घातलंय. त्या टाकीत एखादी बाई उभी असेल असं कधी मनात आलं नव्हतं.

हा ४० कुठून आला, याचा शोध घ्यायचं मी ठरवलं. गणिताच्या शिक्षकाला सूत्र पाठ असून भागत नाही, सिद्धता लागते. उंचीच्या वर्गाने भागायची कल्पना १८३० च्या दशकातली. ती मांडणारा अडॉल्फ केटले हा ब्रसेल्सचा, गणितज्ञ आणि खगोलशास्त्रज्ञ. त्याला लठ्ठपणाशी काही कर्तव्य नव्हतं. तो 'सरासरी माणूस' शोधत होता. त्या भागाकाराला 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव अमेरिकन संशोधक अँसल कीज यांनी १९७२ मध्ये दिलं. सूत्र सोपं आहे, लाखो माणसांच्या पाहणीला चांगलं आहे, पण एका माणसाच्या अंगात चरबी किती आणि हाड-मांस किती, हे त्याला कळत नाही. कोल्हापूरच्या तालमीतला १७५ सेंटिमीटर उंचीचा, ९५ किलोचा गडी घ्या. बीएमआय ३१. कागदावर तो लठ्ठ. त्याच्यासमोर जाऊन तसं म्हणायची माझी हिंमत नाही.

उलट बाजूचं उदाहरण मात्र आपल्या पुण्यातलं आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच दाखला दिला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. फोटोत दोघेही बारीकच. पण चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. एकच उत्तर, पण आतली बेरीज वेगळी. भारतीय शरीर कमी वजनातही जास्त चरबी बाळगतं, तीही पोटात, यकृताभोवती, जिथे ती सगळ्यात उपद्रवी असते. त्यामुळे मधुमेह आपल्याला लवकर आणि कमी वजनावर गाठतो. २००९ मध्ये भारतीय तज्ज्ञांनी एकत्र बसून आपल्यासाठी वेगळे आकडे ठरवले: २३ ला वजन जास्त, २५ ला लठ्ठपणा, आणि शस्त्रक्रियेचा विचार जोडीला आजार असेल तर ३२.५ पासून, नसेल तर ३७.५ पासून.

त्या हिशेबाने माझ्या उंचीच्या बाईला एकही आजार नसता तरी ९३.६ किलोला दार उघडलं असतं. तुमचं कलम या सहमतीनंतर दहा वर्षांनी आलं, आणि त्यात आकडे आले ४० आणि ३५. हे दोन आकडे अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या १९९१ च्या परिषदेतले. तेव्हा मी सातवीत होते आणि स्कॉलरशिपची तयारी करत होते. दुर्बिणीतून ही ऑपरेशनं होण्याचा काळ अजून यायचा होता. पोट उभं फाडून ती होत, आणि म्हणून रेघ उंच ठेवणं शहाणपणाचं होतं. २०२२ मध्ये या क्षेत्रातल्या दोन मोठ्या संघटनांनी, एक अमेरिकेची आणि एक आंतरराष्ट्रीय, १९९१ ची रेघ खोडली. आता त्या म्हणतात, ३५ च्या पुढे असाल तर सोबत आजार असो-नसो शस्त्रक्रिया सुचवावी. ३० ते ३५ मध्ये मधुमेहासारखा विकार असेल तर विचार करावा. आणि आशियाई लोकांच्या बाबतीत २७.५ पासूनच पर्याय समोर ठेवावा. म्हणजे जिथून आपण आकडा उसना आणला, तिथल्या तज्ज्ञांनी तो बदलला आणि आपण मात्र जुनीच चिठ्ठी जपून ठेवली.

इथे एक गोष्ट कबूल करते. तुमच्या कलमाने दार थोडं तरी उघडलं. त्याआधी बहुतेक पॉलिसींत 'लठ्ठपणाचा उपचार' या दोन शब्दांवर सरसकट फुली असायची. आणि कलम ही नकाराची मर्यादा आहे, कंपनीला वाटलं तर ती याहून जास्त देऊ शकते, हेही मला ठाऊक आहे. पण नकार द्यायची मुभा असताना होकार देणारी कंपनी माझ्या पाहण्यात नाही.

अध्यक्ष महोदय, कोणी उघड म्हणणार नाही, पण या आकड्याच्या मागे एक जुना समज उभा आहे: जाड माणसाने स्वतःचं केलं, स्वतःच निस्तरावं. मला तो समज चांगला ओळखीचा आहे. स्टाफरूममध्ये मी डबा उघडते तेव्हा चार नजरा आधी माझ्या डब्यात जातात. हळदीकुंकवाला गेले की कोणीतरी काकू मायेने सांगतात, "रात्रीचं जेवण सोड गं, बघ कशी उतरशील." वर्तुळाचा परीघ शिकवताना मागच्या बाकावरून येणारी खसखस मी वीस वर्षं न ऐकल्यासारखी करते. दवाखान्यात रक्तदाब मोजायचा पट्टा माझ्या दंडाला पुरत नाही. आखूड पट्टा ओढूनताणून बांधला तर यंत्र रक्तदाब आहे त्याहून जास्त दाखवतं, हे सिस्टरला मीच सांगते.

मी सहा वेळा वजन उतरवलं आहे. एकदा तर १७ किलो. सहाही वेळा ते परत आलं, व्याजासकट. आधी मलाही वाटायचं की माझंच मन कच्चं. मग २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास वाचला. अमेरिकेत वजन उतरवण्याच्या स्पर्धेचा एक गाजलेला टीव्ही कार्यक्रम होता. त्यातल्या १४ स्पर्धकांना सहा वर्षांनी पुन्हा तपासलं. बहुतेकांचं वजन बरंचसं परत आलेलं. पण धक्का वेगळाच होता: त्यांचं शरीर स्वस्थ बसल्या जागी जेवढी ऊर्जा जाळायला हवी, त्यापेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं. सहा वर्षांनंतरही! वजन घटलं की शरीर त्याला दुष्काळ समजतं. चूल मंद करतं, भूक वाढवतं, पोट भरल्याचा निरोप उशिरा धाडतं. हाच गुण आपल्या पणज्यांना दुष्काळातून तारून गेला असणार. त्याला इच्छाशक्तीने रोज तीन वेळा हरवायचं, जन्मभर.

ब्रिटनमधल्या दवाखान्यांच्या नोंदींवरून २०१५ मध्ये एक हिशेब झाला. साध्या लठ्ठपणात स्त्रीचं वजन एका वर्षात पुन्हा सामान्य होण्याची शक्यता १२४ मध्ये एक. बीएमआय ४० च्या पुढे गेला की ६७७ मध्ये एक. पुरुषांची तर १,२९० मध्ये एक. दहावीला संभाव्यता शिकवताना मी फासे आणि पत्ते घेते. ६७७ मध्ये एक हा आकडा घ्यावा असं कधी वाटलं नाही, आणि आता घेतला तर पोरं विचारतील, बाई, मग त्या उरलेल्या ६७६ जणी काय आळशी होत्या?

फेब्रुवारी २०२५ मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये घरातलं तेल दहा टक्के कमी करायला सांगितलं. चांगलं सांगितलं. आमच्या घरी तेल त्याच्या कितीतरी आधी कमी झालंय. पण विहिरीला कठडा बांधणं वेगळं आणि आत पडलेल्याला दोर टाकणं वेगळं. कठडा बांधला म्हणून दोर नको, असं म्हणता येत नाही.

शस्त्रक्रिया म्हणजे चरबी शोषून काढणं, असं अजून पुष्कळांना वाटतं. विमा कंपनीच्या मदत केंद्रावरच्या मुलीनेही मला "ते कॉस्मेटिक असतं ना मॅडम" असंच विचारलं. त्या ऑपरेशनात चरबीला हातही लावत नाहीत. स्लीव्ह नावाच्या प्रकारात जठराचा सुमारे पंच्याहत्तर ते ऐंशी टक्के भाग काढून उरलेल्याची केळ्याएवढी नळी ठेवतात. काढलेल्या भागातच घ्रेलिन हे भुकेचं संप्रेरक मुख्यतः तयार होतं, त्यामुळे भुकेचा आवाजच खाली येतो. बायपासमध्ये वर लहानशी पिशवी करतात, ३० मिलीलिटरच्या आसपास, आणि तिला आतड्याचा पुढचा भाग जोडतात. अन्न लवकर पुढे गेलं की आतडं जीएलपी-वन वगैरे संप्रेरकं जास्त सोडतं. मधुमेहाची साखर पुष्कळदा काही दिवसांतच उतरायला लागते, वजन उतरायच्या आधी. स्वीडनमध्ये १९८७ पासून सुमारे चार हजार लोकांवर चाललेल्या अभ्यासाने २००७ मध्ये दाखवलं, की ऑपरेशन झालेल्यांत मृत्यूचं प्रमाण नेहमीच्या उपचारांवरच्या लोकांपेक्षा कमी होतं.

नवी इंजेक्शनं आली आहेत, हे मला माहीत आहे. मार्च २०२५ मध्ये आपल्याकडे मौंजारो आलं, जूनमध्ये वेगोव्ही. ती कामाची आहेत. पण थांबवली की वजन बहुधा परततं, आणि ती आली तेव्हा दर महिन्याचा खर्च शिक्षकाच्या पगाराला झेपणारा नव्हता. शिवाय तुमचं सहावं कलम ऑपरेशनच्या अटी सांगतं. औषधाचं नावही काढत नाही.

आता तुमच्या बाजूची भीती. रेघ खाली आणली तर जो तो ऑपरेशनला धावेल, दावे वाढतील, सगळ्यांचा हप्ता वाढेल. ही भीती बाळगणाऱ्याने एकदा या ऑपरेशनच्या ओपीडीत येऊन बसावं. मला टेबलावर घ्यायच्या आधी तिथल्या डॉक्टरांनी थायरॉइड तपासलं, कॉर्टिसॉल तपासलं, म्हणजे वजन दुसऱ्याच ग्रंथीच्या दोषाने वाढलेलं नाही ना ते पाहिलं. एंडोस्कोपी झाली, झोपेची तपासणी झाली. आहारतज्ज्ञांनी महिनाभराची वही लिहून घेतली. मानसोपचारतज्ज्ञांनी तास घेतला: दुःख झालं की खातेस का, रात्री उठून चोरून खातेस का, घरात दारू आहे का, ऑपरेशननंतर काय बदलेल असं वाटतं? माझ्या शेजारी बसलेल्या एका मुलीला त्यांनी परत पाठवलं. लग्न ठरलं होतं, तीन महिन्यांत बारीक व्हायचं होतं. तिचा बीएमआय २६. दुसऱ्या एकीला सांगितलं, आधी नैराश्यावरचे उपचार पूर्ण करा, मग बघू. पुढच्या वर्षी मूल हवं म्हणणारीला थांबवलं, कारण ऑपरेशननंतर बारा ते अठरा महिने गर्भ राहू न देणं बरं. दारूचं व्यसन चालू असेल तर नाही. जन्मभर तपासणीला यायची तयारी नसेल तरीही नाही.

आणि हे जन्मभरचं लोढणंच आहे, ते मला कुणी गोड करून सांगितलं नाही. बी-ट्वेल्व्ह, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व कायम घ्यायचं. पहिल्या काही महिन्यांत केस गळतात. जेवताना पाणी नाही. आधी डाळ-अंडं-पनीर, मग जागा उरली तर भाकरी. टाक्यातून गळती, रक्तस्राव, रक्ताची गुठळी हे धोके थोडे आहेत, पण आहेत. स्लीव्हनंतर काहींना छातीत जळजळ सुरू होते. काहींचं वजन वर्षांनी थोडं परत येतं. एवढं ऐकूनही जी बाई सही करायला तयार होते, ती हौसेने तयार होत नाही.

हप्त्याचा हिशेबही करू. माझ्या ऑपरेशनचा अंदाज चार लाखांच्या घरात आहे. तुमच्या कलमाने तो वाचला. प्रतीक्षेचा काळ संपला की हीच पॉलिसी माझे दोन्ही गुडघे बदलायचे पैसे देईल. हृदयाची वाहिनी तुंबली तर अँजिओप्लास्टीचे देईल. मूत्रपिंडं गेली तर डायलिसिसचे देईल. जे टाळता आलं असतं त्या सगळ्याला हो, आणि टाळायच्या उपायाला नाही. हातचा एक विसरून केलेली बेरीज अशीच दिसते.

माझं मागणं मोठं नाही. ४० आणि ३५ च्या जागी भारतीय डॉक्टर वापरतात ते ३७.५ आणि ३२.५ ठेवा. चार आजारांच्या यादीत झिजलेले गुडघे, रक्तदाब आणि यकृताला जागा द्या. आणि मधुमेहाच्या मागचे 'आटोक्यात नसलेला' हे शब्द काढा, कारण त्या शब्दांमुळे गोळ्या वेळेवर घेणारा माणूस मागे पडतो आणि न घेणारा पुढे जातो. जमलंच तर आकड्यावरच सगळं टांगू नका. जानेवारी २०२५ मध्ये 'लॅन्सेट'च्या तज्ज्ञांच्या आयोगाने हेच मांडलं: कंबर मोजा, चरबी मोजा, आणि लठ्ठपणाने कुठला अवयव किंवा रोजचं कोणतं काम बिघडलंय ते पाहा. माझ्यापुरतं सांगायचं तर मी दुसऱ्या मजल्यावरचा दहावी 'ब' चा वर्ग यंदा सोडला. जिना चढवत नाही.

पुढच्या महिन्यात पॉलिसीचं नूतनीकरण आहे. माझा विद्यार्थी फॉर्म देऊन गेला आहे. वजनाचा रकाना त्याने रिकामा ठेवला आणि जाताना नुसता हसला. परवा मी पहाटे चालून आले, शाळेजवळच्या केमिस्टच्या काट्यावर उभी राहिले आणि घरी येऊन त्या रकान्यात लिहिलं: ९५.४.

आपली,
एक पॉलिसीधारक